छेदात कोण?



गेल्या महिन्यात आरोग्य शिबिरासाठी एका तालुक्याच्या गावी गेले होते. दोन गावांतल्या कार्यकर्त्या वह्या घेऊन आल्या होत्या. एक म्हणाली, "आमच्याकडं ३० जणींची पिशवी काढलीय." दुसरी म्हणाली, "आमच्याकडं १२च." सगळ्याजणी पहिल्या गावासाठी हळहळल्या. मी विचारलं, "किती जणींपैकी?" पहिल्या गावात बाया १५००, दुसऱ्यात ३००. म्हणजे पहिल्या गावात शंभरात २, तर दुसऱ्यात शंभरात ४! आमची हळहळ चुकीच्या दारी गेली होती.

शाळेत अंश आणि छेद शिकताना आपल्यातल्या अनेकींनी कंटाळून वही मिटली असेल. ती आता पुन्हा उघडायला हवी.

दुसरा प्रश्न, "कधीपासून?" रांजणात पाणी किती आहे हे एक, आणि त्यात रोज नवं किती पडतं हे वेगळं. ते १२ हा साठलेला आकडा, कित्येक वर्षांचा. नव्यांचा दर काढायचा तर ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांना छेदातून वगळायचं. उरल्या २८८. समजा, येत्या वर्षात त्यांतल्या ९ जणींची पिशवी काढली, तर दर झाला वर्षाला शंभरात सुमारे ३. इतक्या वर्षांत १२ आणि एका वर्षात ९! मग विचारायलाच हवं : गावात नवं काय घडलं? सल्ला कुणी दिला, पैसे कुणी घेतले? एखादीची माहिती सहाच महिने मिळाली, तर तिचं अर्धंच वर्ष धरायचं. आजाराचा दरही असाच काढतात.

बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड कामगार बायांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे शंभरात जवळजवळ १७. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशभरात हे प्रमाण शंभरात सुमारे ३ होतं. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, हे मान्य. पण एवढी तफावत नुसत्या वयावर ढकलून चालणार नाही. नुसते "१३ हजार" म्हटलं असतं, तर "एवढ्या मोठ्या जिल्ह्यात व्हायचंच" असं कुणीही म्हणालं असतं. छेदाने ते तोंड बंद केलं.

मात्र अंशही तपासून घ्यायला हवा. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. पण त्याआधी अशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची. दवाखान्याच्या रजिस्टरवरून आकडे काढले असते, तर बाकीच्या निरोगीच ठरल्या असत्या. जी दवाखान्यात पोचत नाही, ती अंशात येत नाही. जी पाहणीच्या वेळी तोडीला गेलेली असते, ती छेदातूनही गळते. दोन्हीकडून नाहीशी झालेल्या बाईचं दुखणं सरकारदरबारी नसतंच.

म्हणून प्रत्येक गटाला विनंती, एक साधी वही घाला. गावात बाया किती, त्यांतल्या आधीच आजारी किती, वर्षात नव्याने आजारी किती, आणि बाहेरगावी कोण, किती महिने. नावं वहीबाहेर जाऊ देऊ नका. आकडे मात्र ग्रामसभेत मोठ्याने वाचा. कुणी नुसताच आकडा तोंडावर फेकला, तर न बिचकता विचारा : किती जणींपैकी? किती काळात? आणि मोजायची कोण राहिली?