हजाराची पगारवाढ

आमच्या गल्लीत घरोघरी चपात्या लाटून देणाऱ्या वहिनी परवा संध्याकाळी एक कागद घेऊन आल्या. त्यांचे यजमान शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. कंपनीनं पगार वाढवला होता, महिन्याला हजार रुपये. पेढे आणायचे सोडून नुसतं पत्र काय आणलंत, असं मी म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. "ताई, ही वाढ घेतली तर माझं दीड हजार बंद हुतंय म्हणत्यात. खरं हाय का, तेवढं बघून सांगा."

वही काढून बसले. यजमानांचे 17 हजार, वहिनींच्या चपात्यांचे साधारण 3 हजार. महिन्याचे 20 हजार, वर्षाचे 2 लाख 40 हजार. लाडकी बहीण योजनेची अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नको. हजाराच्या वाढीनं वर्षाला 12 हजारांची भर पडते आणि आकडा जातो 2 लाख 52 हजारांवर. अट ओलांडली की महिन्याचे दीड हजार, म्हणजे वर्षाचे 18 हजार जातात. बारा आले, अठरा गेले. तापलेल्या भट्टीसमोर उभं राहून मिळवलेल्या पगारवाढीनं घर वर्षाला 6 हजारांनी खाली येतं. घरात एकवीस वर्षांवरची अविवाहित मुलगी असती आणि तिलाही पैसे येत असते, तर 36 हजारांवर पाणी सोडावं लागलं असतं.

मी गणित तीनदा केलं. चुकलं असावं असं मनापासून वाटत होतं.

28 जून 2024 रोजी अजित पवारांनी अर्थसंकल्पात ही योजना जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये पहिले पैसे खात्यावर आले. तेव्हापासून या दीड हजारांनी घरांत काय केलं, ते मी जवळून बघितलं आहे. गॅसची टाकी, पोराच्या क्लासची फी, बचत गटाचा हप्ता, सासूची बीपीची गोळी. नवऱ्याकडे हात न पसरता बाईनं चालवलेला खर्च आहे हा. फुकटचे पैसे म्हणून जे नाक मुरडतात, त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही.

माझी तक्रार आहे ती कड्यासारख्या तुटलेल्या अटीबद्दल. अडीच लाखांपर्यंत पूर्ण पैसे, त्यावर एक रुपया गेला की शून्य. मध्ये उतार नाही, पायरी नाही.

आणि उतार कसा ठेवायचा हे आपल्या देशाला माहीत नाही असंही नाही. 1 फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पानं नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करात पूर्ण सूट दिली. पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट धरून ही सूट पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. आदल्या वर्षीच्या दरानं 12 लाखांच्या करपात्र उत्पन्नावर 80 हजार कर बसायचा, तो गेला. मग 12 लाख 10 हजारवाल्यानं काय करायचं? कोष्टकाप्रमाणे त्याचा कर येतो साडेएकसष्ट हजार. दहा हजार जास्त कमावले म्हणून साठ हजारांचा फटका बसणं अन्यायाचं, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं आणि सीमांत सवलत ठेवली. त्यानं वरच्या कमाईइतकाच, म्हणजे 10 हजारच कर आणि त्यावरचा उपकर भरायचा. बारा लाखांच्या उंबरठ्यावर हा विचार झाला. अडीच लाखांच्या उंबरठ्यावर कुणी केला नाही. 2014 साली तर साठीच्या आतल्या माणसाला याच अडीच लाखांपुढे आयकर लागू होत असे. आयकराची ती रेषा आज कुठल्या कुठे गेली, वहिनींची तिथंच आहे.

ब्रिटनमध्ये राबत्या कुटुंबांना टॅक्स क्रेडिट मिळायचं. उत्पन्न ठरावीक रेषेपुढे गेलं की दर पौंडामागे 41 पेन्स मदत कमी व्हायची. 2015 साली अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी हा दर 48 पेन्सांवर न्यायचं आणि रेषाही खाली आणायचं ठरवलं, तर 26 ऑक्टोबरला वरिष्ठ सभागृहानं त्यांना अडवलं आणि महिन्याभरात त्यांनी माघार घेतली. एवढा गदारोळ सात पेन्सांवरून आणि रेषेवरून. आपल्याकडे पहिल्याच रुपयाला सगळी मदत जाते. तोच 41 चा उतार इथं लावून बघितला. वहिनींचं उत्पन्न रेषेच्या वर 2 हजार, म्हणून कपात 820 रुपये. उरले 17 हजार 180. पगारवाढही राहिली असती आणि दीड हजारातले बरेचसे पैसेही.

फौंड्रीतल्या माणसाला असे कडे आणखी आहेत. ईएसआयची, म्हणजे कामगार विमा योजनेची, पगाराची मर्यादा महिन्याला 21 हजार, ती 2017 पासून हललेली नाही. पगार त्यावर गेला की काही महिन्यांनी दवाखान्याचं कार्ड जातं. घरात डायलिसिसचा पेशंट असेल, तर अशा कामगाराला पाचशेची वाढ परवडेल का?

सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी आली, नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं गेलं आणि आमच्याकडे भीती पसरली. बायका मोबाईल घेऊन ओटीपीची वाट बघत रात्री जागल्या. घरात कुणी आयकर भरत असेल तर पैसे मिळत नाहीत, म्हणून वाहनकर्जासाठी रिटर्न भरलेले रिक्षावाले घाबरून विचारायला आले. रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावताना माझा घसा बसला. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांना अर्जाच्या वेळी उत्पन्नाचा दाखला लागला नव्हता. वहिनींचं कार्ड केशरीच आहे. "मग कशाला घाबरता?" असं मी त्यांना विचारलं. "उद्या कुणी तपासलं आणि सगळं परत भरा म्हटलं तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वहिनींनी माझ्या वहीतल्या आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"म्हंजे वरचं दोन हजारच नडतंय व्हय?"

"हो. वर्षाचे दोन हजार."

"मग यांची वाढ घेऊ द्या. मी एका घरच्या चपात्या सोडते. बसतंय की अडीच लाखात?"

बसत होतं. मी हो म्हटलं. कुठलं घर सोडायचं, हे बोटांवर मोजत त्या बराच वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या.