हिरवी खूण आणि ताठ गुडघा

गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदलून घरी परतलेले रुग्ण पूर्वी दवाखान्यात येताना एक्स-रेचे मोठे पाकीट घेऊन येत. आता ते मोबाइल पुढे करतात. पडद्यावर त्या दिवशीचे व्यायाम, चाललेली पावले आणि वेदनेची नोंद असते. अनेक वाचकांनी विचारले आहे, "पुण्यात शस्त्रक्रिया झाली, पण व्यायामासाठी वारंवार जाणे शक्य नाही. या अ‍ॅपवर विसंबावे काय?" त्याचे उत्तर माझ्या एका चुकीपासून सुरू करतो.

इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवरच्या आजींचा उजवा गुडघा फाल्गुनात बदलण्यात आला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया आपल्याकडील शेतकरी कुटुंबांच्या थोडी आवाक्यात आली आहे. मात्र पुणे बारामतीहून सुमारे शंभर किलोमीटर, आणि आजींची वस्ती त्याहूनही दूर. म्हणून त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर व्यायामाचे अ‍ॅप देण्यात आले. टाके निघाल्यावर आजी माझ्याकडे रक्तदाब दाखविण्यास आल्या. नातवाने अ‍ॅप उघडले. प्रत्येक व्यायामापुढे हिरवी खूण होती. मी "उत्तम चालले आहे" म्हणालो आणि औषधे लिहून दिली. गुडघा पाहिला नाही.

सहाव्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या तेव्हा गुडघा जेमतेम साठ अंशांपर्यंत वाकत होता. नातू खाली मान घालून म्हणाला, "व्यायाम करताना आजी कळवळायची. मग मीच बटण दाबायचो." आजी लगेच म्हणाल्या, "पोराला बोलू नका, डॉक्टर. मीच त्याला म्हटलं, दाब बाबा, आणि मला पडू दे." दोघांच्याही मायेत खोट नव्हती. पाहण्याचे काम माझे होते, आणि मी केवळ पडदा पाहिला होता.

वाचकहो, शल्यचिकित्सक सांधा बसवितो. परंतु त्याभोवतीचे स्नायू बळकट होणे आणि सांधा मोकळा राहणे हे पुढील आठवड्यांतील व्यायामावर अवलंबून असते. जिना चढण्यास गुडघा सुमारे ८५ अंश वाकावा लागतो, खुर्चीतून सहज उठण्यास त्याहून थोडा अधिक. सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत ९० अंशांच्या जवळ आणि सहा आठवड्यांत ११०च्या आसपास पोहोचावे, अशी अपेक्षा असते. गुडघा पूर्ण सरळ होणेही तितकेच महत्त्वाचे. म्हणूनच झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवू नये. आराम वाटतो, पण सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो.

मग अ‍ॅप निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. परदेशांत यावर चांगले अभ्यास झाले आहेत. झिमर बायोमेट कंपनीच्या 'मायमोबिलिटी' या अ‍ॅपची नेहमीच्या फिजिओथेरपीशी तुलना करणारा, अनेक रुग्णालयांतील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वद दिवसांनंतर अ‍ॅप वापरणाऱ्यांचे गुडघे इतरांपेक्षा कमी वाकत नव्हते, आणि त्यांच्या फिजिओथेरपिस्टकडील फेऱ्याही कमी झाल्या. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या रुग्णांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता आणि त्यांच्या नोंदींवर उपचार करणाऱ्या चमूचे लक्ष होते. आपल्या घरी फोन नातवाचा असतो, भाषा इंग्रजी असते आणि नोंद कोणी वाचते की नाही हे ठाऊक नसते.

यंत्राच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. पावले मोजणारा फोन अंगावर असावा लागतो. नऊवारीला खिसा नसतो आणि फोन फडताळात पडून राहतो. वॉकर धरून अगदी सावकाश टाकलेली पावले तो पुष्कळदा मोजतच नाही. कॅमेऱ्याने हालचाल ओळखणाऱ्या अ‍ॅपला सैल साडी, धोतर किंवा अंधारी खोली फसवू शकते. हिरवी खूण तर केवळ एवढेच सांगते, की कोणीतरी बटण दाबले.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. पहिली, शस्त्रक्रियेपूर्वीच विचारा, "या नोंदी कोण पाहणार? किती दिवसांनी? अडचण आली तर कोणत्या क्रमांकावर बोलायचे?" उत्तर मिळाले नाही, तर ते अ‍ॅप म्हणजे फक्त चित्रफितींचा संच आहे असे समजा. दुसरी, व्यायामांची यादी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा आणि खूण रुग्णाने स्वतः करावी. तिसरी, वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायामापूर्वी अर्धा-पाऊण तास घेतल्यास व्यायाम सुसह्य होतो. चौथी, आठवड्यातून एकदा रुग्णाला खुर्चीवर बसवून गुडघा वाकवायला लावा आणि बाजूने छायाचित्र काढा. चार छायाचित्रे शेजारी ठेवली की प्रगती घरच्या कोणालाही दिसते. पाचवी, निदान पहिल्या महिन्यात काही वेळा फिजिओथेरपिस्टने प्रत्यक्ष हात लावून सांधा तपासलाच पाहिजे. गावात सोय नसेल, तर बारामती किंवा इंदापूरला या.

खुब्याच्या रुग्णांनी अधिक सावध असावे. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने झाली त्यानुसार पथ्ये बदलतात. खुबा काटकोनापेक्षा जास्त न वाकविणे, पायावर पाय न टाकणे, बुटक्या आसनावर न बसणे यांपैकी आपल्याला कोणती लागू आहेत, ते शल्यचिकित्सकांकडून लिहून घ्या. सर्वांसाठी एकच यादी देणाऱ्या अ‍ॅपवर याबाबत विसंबू नका.

आणि काही लक्षणे अ‍ॅपमध्ये नोंदवून उत्तराची वाट पाहण्याची नसतात. पोटरी दुखून सुजणे हे रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते. जखमेतून स्राव, वाढती लाली, थंडी वाजून ताप आल्यास जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आजींना पुन्हा पुण्यास न्यावे लागले. भूल देऊन गुडघा वाकविण्यात आला. ही प्रक्रिया उपयोगी पडते, पण ती पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते. आणखी उशीर झाला असता तर कठीण होते. परतल्यावर नातवाने यादी मराठीत लिहून पडवीत चिकटविली. आठवड्यातून दोनदा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करून तो फिजिओथेरपिस्टला गुडघा दाखवी, आणि दर पंधरवड्याला आजी माझ्याकडे येत. आता मी अगोदर गुडघा पाहत असे, मग मोबाइल. हळूहळू तो शंभर अंशांच्या पुढे गेला.

तुकाराम महाराजांची पालखी बेलवाडीस आली तेव्हा आजी काठी टेकत रिंगण पाहण्यास गेल्या. गर्दीत शिरायचे नाही आणि मांडी घालून बसायचे नाही, असे मी बजावले होते. नातवाने सोबत घडीची खुर्ची नेली होती. दोन दिवसांनी आजींनी छायाचित्र दाखविले. खुर्ची रिकामी होती आणि त्या उभ्या होत्या.

आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर आज संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून त्यांना गुडघा वाकवून दाखवायला सांगा. गेल्या आठवड्याइतकाच किंवा त्याहून कमी वाकत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. उद्याच डॉक्टरांना दाखवा.