शिडीचा कोन

रविवारच्या अभ्यासवर्गात परवा दहावीची त्रिकोणमिती निघाली आणि निम्मा वर्ग माना खाली घालून बसला. एका मुलीने मात्र सरळच विचारले, "हे साइन, कॉस, टॅन आपल्या काय कामाचे?" तिचे वडील रंगकाम करतात. आम्ही म्हटले, पोरी, तुझ्या घरचीच शिडी घेऊ.

शिडी १२ फुटांची. भिंतीला टेकवली, तिचा पाय भिंतीपासून ६ फुटांवर. भिंत, जमीन आणि शिडी मिळून काटकोन त्रिकोण झाला. शिडी हा कर्ण. शिडीचा जमिनीशी होणारा कोन आपल्याला काढायचा. त्या कोनाच्या लगतची बाजू ६, कर्ण १२. लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कॉस. उत्तर ०.५, आणि ०.५ हा ६० अंशांचा कॉस. कोन सापडला, कोनमापक लावावा लागला नाही.

पण ६० अंशांवर शिडी ठेवू नये, पाय सरकतो. सुरक्षिततेचा नियम असा की, शिडीच्या लांबीच्या पावपट अंतरावर तिचा पाय असावा. म्हणजे ३ फूट. ३ भागिले १२, ०.२५. हा आकडा पाठ केलेल्या तक्त्यात नाही. कॅल्क्युलेटरवर उलटा कॉस घेतला, साडेपंच्याहत्तर अंश आले. "बाबा तर अंदाजानेच ठेवतात," मुलगी म्हणाली. अंदाज बहुतेक दिवशी बरोबर येतो. ज्या दिवशी चुकतो त्या दिवसाचा रोजही बुडतो आणि दवाखान्याचा खर्चही घरावरच पडतो.

मुले अडतात ती भागाकाराला नव्हे, गुणोत्तर निवडताना. कोणत्या दोन बाजू ठाऊक आहेत ते आधी पाहावे. उंची आणि जमिनीवरचे अंतर ठाऊक असेल तर टॅन. आपल्या अंधेरीची गिल्बर्ट हिल घ्या. काळ्या पाषाणाचा तो उभा कडा सुमारे ६१ मीटर उंच. पायथ्यापासून ६१ मीटरवर उभे राहिलो तर टॅन १, उन्नत कोन ४५ अंश. १०६ मीटरवर गेलो तर ३० अंश. (आपल्या डोळ्यांची उंची सोडून दिली आहे.)

फळ्यावर प्रत्येकाला पाठवायचे, हा आमचा हट्ट. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना गुरुजींनी फळ्यावर बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला सवर्ण मुले धावली, हे कीरांच्या चरित्रात आहे. आमच्या मुलांना फळ्यापाशी कोणी अडवत नाही. ती स्वतःच जायला भितात.

शेवटी एक मुलगा उठला. "अंतर निम्मे केले की कोन दुप्पट, ९० अंश," त्याने लिहिले. "मग तू कड्यालाच चिकटलास की!" मागून आवाज आला आणि वर्ग हसला. त्याने पुसले आणि पुन्हा मांडले. ६१ भागिले साडेतीस, टॅन २. कोन सुमारे ६३ अंश.