वॉरंटी संपलेली पिकअप आणि गल्लीतला मिस्त्री

मा. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

साहेब,

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की लातूरच्या बाजार समितीचं आवार पिकअप आणि छोट्या हत्तींनी गच्च भरतं. औसा, रेणापूर, चाकूर, निलंगा, सगळीकडून पोती येतात. हीच गाडी परतताना खत नेते, दुसऱ्या दिवशी दुधाचे कॅन आणि लगीनसराईत मंडपाचं सामान. बहुतेकदा मालकच ड्रायव्हर असतो आणि गाडीवर फायनान्सचा बोजा असतो. हे पत्र या लोकांबद्दल आहे.

आधीच सांगून टाकतो, जुना धूर आम्हाला परत नको. बीएस-५ ओलांडून थेट बीएस-६ वर जायचं, हे तुम्ही जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलंत आणि १ एप्रिल २०२० ला ते देशभर लागू झालं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं. डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, ती ८० वर आली. मुदत कमी पडते म्हणून कंपन्यांनी कुरकुर केली, तुम्ही ऐकलं नाहीत. बरंच केलंत. जुन्या टेम्पोमागे स्कूटर चालवलेल्या कुणालाही या निर्णयाचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

तक्रार त्याच्या पुढची आहे. ही यंत्रणा बिघडली की ती कोण, कुठे आणि किती पैशांत नीट करणार, याचं उत्तर आमच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

जुनी पिकअप बंद पडली की मिस्त्री डिझेल लाइनची हवा काढायचा, नोझल पंपवाल्याकडे पाठवायचा आणि बऱ्याचदा त्याच दिवशी गाडी पुन्हा भाड्याला लागायची. निदान कानानं व्हायचं. आताच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ आहे, थोडा धूर इंजिनात परत फिरवणारा ईजीआर आहे, काही गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या डीईएफ द्रावणाची वेगळी टाकी आहे. उष्णतेचे, दाबाचे, धुरातल्या वायूंचे सेन्सर आहेत. यातलं एक जरी रुसलं तरी डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि चढावर गाडी दम टाकते. दिवा का लागला, ते स्कॅनरच सांगणार.

डीपीएफचं दुखणं तर आमच्या गाड्या जशा चालतात त्यातूनच येतं. साठलेली काजळी जळायला साडेपाचशे-सहाशे अंशांची धग लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ एकसारख्या वेगानं पळावी लागते. ३६१ क्रमांकाच्या महामार्गावर तुळजापूरहून नांदेडकडे निघालेल्या गाडीला ते सहज जमतं. वस्तीवरून दूध संकलन केंद्रापर्यंत जाणारी किंवा गंजगोलाईत दुकानादुकानापुढे थांबणारी गाडी तेवढी तापतच नाही. जाळण्याची क्रिया कुठे सुरू होते, तोवर मालक चावी काढून माल उतरवायला गेलेला असतो. असं वरचेवर झालं की काजळी जाळायला सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. इकडे फिल्टर भरतच राहतो. मग स्कॅनर लावून काजळी सक्तीनं जाळावी लागते. काम तासाभराच्या आतलं. पण देवणी-जळकोटकडच्या माणसाला तेवढ्यासाठी गाडी मोठ्या गावी आणावी लागते आणि वर्कशॉपमध्ये त्याचा नंबर लागेपर्यंत त्याचं भाडं दुसरा मारून जातो.

मालकांचं चुकत नाही असं नाही. राख कमी सोडणारं ऑइल सांगितलेलं असताना स्वस्तातला डबा ओततात, शेतावरच्या कॅनमधलं पाणी शिरलेलं डिझेल घालतात आणि मग इंजेक्टरला दोष देतात. डीईएफची तर वेगळीच गंमत. ड्रायव्हर त्याला सरळ 'युरिया' म्हणतात, आणि ते खोटंही नाही, ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. आता ज्याच्या घरात २६६ रुपये ५० पैशांची ४५ किलोची गोणी पडली आहे, त्याला बादलीत कालवून बघायचा मोह होणारच. पण त्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात. दोन्ही मिळून धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिस्टची वाट लावतात. बाजारचं चांगलं डीईएफसुद्धा उन्हाला टिकत नाही. २५ अंशांखाली ठेवलं तर दीड वर्ष टिकणारं हे द्रावण ३५ अंशांत सहा महिन्यांवर येतं, आणि आमचा मे महिना चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या टपरीत रचलेल्या कॅनचं काय होत असेल, तुम्हीच बघा.

आता खर्च. डीपीएफ किंवा इंजेक्टरचा संच बदलायचा म्हटलं की बिल पाच आकड्यांत जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याबद्दल सरकारचे आभार. पण खरी अडचण वेळेची आहे. पिकअपची वॉरंटी साधारण तीन वर्षांची किंवा लाखभर किलोमीटरची, आणि कर्ज चार-पाच वर्षांचं. म्हणजे महागडे भाग दगा देऊ लागतात तेव्हा वॉरंटी संपलेली असते आणि हप्ता मात्र चालूच असतो.

अशा वेळी माणूस काय करतो, ते तुमच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक असेल. डीपीएफ आतून पोकळ करून घेतो, ईजीआर बंद करतो, संगणकात फेरफार करून दिवा विझवतो. हे बेकायदा आहे आणि मी त्याचं समर्थन करत नाही. पण नव्या फिल्टरपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. पकडलं जाण्याची भीतीही फारशी नाही, कारण पीयूसीत डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे तेवढंच मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडला तिथे कुणी हात लावत नाही. थोडक्यात, २०२० मध्ये मिळवलेली स्वच्छ हवा अशा गाडीपुरती वॉरंटीबरोबरच संपते.

आपण ज्या युरोपकडून हे निकष घेतले, तिथे २००७ मध्ये युरो-५ आणि युरो-६ च्या मर्यादा ठरवणारा ७१५ क्रमांकाचा नियम झाला. त्याच्या तेव्हाच्या शीर्षकातच दोन विषय होते: गाडीचं उत्सर्जन आणि गाडीच्या दुरुस्तीची माहिती मिळण्याची सोय. एवढी गुंतागुंतीची गाडी बाजारात आणायची तर ती दुरुस्त करण्याची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही वाजवी शुल्कात द्यायची, असा तो हिशेब. मर्यादा आपल्याकडे काटेकोर आल्या. दुरुस्तीची माहिती मात्र आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला दिसलीच नाही.

हा रोग दिल्लीला ठाऊक नाही असंही नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण न्यायालयांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्रही घेतलं. पण कंपनीनं स्वखुशीनं पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि नियमानं ती द्यावीच लागणं वेगळं.

नियम करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० नुसार तुमच्या सरकारकडे आहे. नव्या मॉडेलला मंजुरी देतानाच अट घाला की स्कॅनरचं सॉफ्टवेअर आणि दुरुस्तीची माहिती नोंदणीकृत गॅरेजला परवडेल अशा शुल्कात द्यावी लागेल. काजळी सक्तीनं जाळण्याची सोय मालकाच्या हाती किंवा कुठल्याही सर्वसाधारण स्कॅनरवर असावी. अमेरिकेत हलक्या गाड्यांच्या कॅटॅलिस्ट आणि संगणकाला कायद्यानं ८ वर्षं किंवा ८० हजार मैलांची हमी आहे. आम्हाला निदान कर्ज फिटेपर्यंतची तरी द्या. त्याच अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कंपन्यांना सांगितलं, की डीईएफच्या बिघाडामुळे ट्रक अचानक गोगलगाय होऊ नये असं सॉफ्टवेअर बदला. तसंच इथल्या कंपन्यांनाही सांगा. आणि आयटीआयच्या मेकॅनिक डिझेलच्या वर्गात चालू स्कॅनर असू द्या. तो नसेल तर मुलांना आपण कालची विद्या शिकवतो आहोत.

सप्टेंबर २०२३ मध्ये तुम्ही डिझेल गाड्यांवर आणखी १० टक्के जीएसटीचं बोललात आणि त्याच दिवशी असा प्रस्ताव विचाराधीन नसल्याचा खुलासाही केलात. तुम्हाला डिझेल घालवायचं आहे, हे आम्हाला समजतं. पण ज्याच्या दारात हप्त्याची बीएस-६ उभी आहे, त्याला ती अजून दहा-बारा वर्षं चालवायची आहे.

मसुदा काढाल तेव्हा एक सुनावणी लातूरला ठेवा आणि नांदेड, लातूर, धाराशिवच्या मिस्त्रींना बोलवा. कंपन्यांचे प्रतिनिधी काय, दिल्लीत तुम्हाला भेटतच असतात.

कळावे,
आपला
एक लातूरकर