हॅम्लेटची आई आणि माझी

आईने बातमी फोडली तेव्हा मी मॅगी खात होते. "अगं, मी आणि काका रजिस्टर लग्न करायचं म्हणतोय." काका म्हणजे तिच्या मॉर्निंग वॉक ग्रुपमधले. रिटायर्ड, सज्जन, दर बर्थडेला मला न चुकता पुस्तक देणारे. मी "छान" म्हटलं आणि मॅगी संपवली. रात्री मात्र मैत्रिणीला फोन लावून तासभर कटकट केली. "बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही यार!"

खरं तर एकोणीस महिने झाले होते.

हा घोळ लक्षात आला तो हॅम्लेटमुळे. मदर्स डेसाठी एका एडिटरने 'पडद्यावरच्या आया' असा लेख मागितला होता. त्यानिमित्ताने 'हैदर' पुन्हा पाहिला आणि मग कॉलेजनंतर पहिल्यांदाच मूळ नाटक उघडलं. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. डेन्मार्कचा राजा मरतो आणि राणी गर्ट्रूड लगोलग दिराशी, म्हणजे क्लॉडियसशी लग्न करते. मग बापाचं भूत येऊन हॅम्लेटला सांगतं की ह्या भावानेच माझ्या कानात विष ओतलं, सूड घे.

पण गंमत बघा. भूत भेटण्याच्या आधीपासूनच पोरगा पेटलेला आहे. खुनाचा पत्ताच नाही, राग आहे तो आईच्या लग्नाचा. पहिल्याच स्वगतात तो म्हणतो, वडिलांना जाऊन दोन महिने झाले. लगेच स्वतःलाच दुरुस्त करतो की छे, तेवढेही नाहीत, आणि बोलता बोलता महिन्यावर येतो. पुढे राजवाड्यात नाटकाचा खेळ लागतो, तेव्हा तर त्याच्या हिशेबाने फक्त दोन तास झालेले असतात! शेजारी बसलेली ऑफिलिया खरा आकडा सांगते: चार महिने. म्हणजे दिवस पुढे सरकतायत आणि ह्याचं कॅलेंडर उलटं चाललंय. हे वाचलं आणि मला माझा तो फोन आठवला. मीसुद्धा सात महिने गिळलेच होते की.

हॅम्लेटच्या बाजूनेही बोलायला हवं. हे नाटक साधारण १६०० च्या सुमाराचं. त्या काळच्या चर्चच्या नियमांनुसार दीर-भावजय हे नातं सख्ख्या भावाबहिणीसारखं धरलं जायचं. आठव्या हेन्रीने भावाच्या विधवेशी, कॅथरीनशी १५०९ मध्ये लग्न केलं ते पोपची खास परवानगी काढून, आणि पुढे हेच नातं पुढे करून १५३३ मध्ये ते रद्दही करून घेतलं. त्याच्या दुसऱ्या लग्नाची मुलगी एलिझाबेथ, आणि तिच्याच राज्यात शेक्सपिअर नाटकं लिहीत होता. तेव्हा प्रेक्षकांच्या लेखी गर्ट्रूडचं लग्न म्हणजे नुसती घाई नव्हती, पाप होतं.

प्रश्न एवढाच आहे की तिचं स्वतःचं म्हणणं काय? चार हजारांच्या आसपास ओळींचं नाटक, त्यात तिच्या वाट्याला जेमतेम दीडशे. हॅम्लेट पानंच्या पानं स्वतःशी बोलतो. क्लॉडियससारखा खुनीसुद्धा गुडघे टेकून मन मोकळं करतो. तिला मिळतं एक चार ओळींचं छोटंसं स्वगत. बाकी ती कशी आहे हे आपल्याला सांगतात ते तिचा मुलगा आणि तिच्या नवऱ्याचं भूत. दोघंही दुखावलेले! आणि आपण त्यावर शिक्का मारून मोकळे. टी. एस. एलियटने तर १९१९ मध्ये लिहिलं की हॅम्लेटला जेवढी घृणा वाटते, तेवढं वजन ह्या बाईच्या पात्रात नाहीच.

मग मी फक्त तिच्या ओळी वाचायच्या ठरवल्या. आणि बॉस, बाई वेगळीच निघाली. ती कमी बोलते, पण मुद्द्याचं बोलते. पोलोनियस लांबड लावतो तेव्हा त्याला आवरायला सांगणारी तीच. पोराचं बिनसलंय का, यावर अख्खा दरबार थिअऱ्या मांडत असतो. ही एका वाक्यात सांगते की त्याचा बाप गेला आणि आपण फार घाईने लग्न केलं, दुसरं काय असणार! म्हणजे घाई झाली हे तिला कळतं, आणि ती ते नवऱ्याच्या तोंडावर बोलते. खुनाची तिला कल्पना होती, असं नाटकात कुठेच म्हटलेलं नाही. १६०३ च्या पहिल्या छापील आवृत्तीत तर ती शपथेवर सांगते की मला काहीच माहीत नव्हतं. मुलगा वेडाचं सोंग करतोय, हे त्याने विश्वासाने सांगितल्यावर ती नवऱ्यापुढे ते फोडत नाही. शेवटी नवरा "पिऊ नकोस" म्हणत असताना विषाचा पेला पिते, आणि मरता मरता मुलाला सावध करते.

पडद्यावर तिचं वय हा आणखी एक विनोद. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८ च्या सिनेमात आईचं काम करणारी आयलीन हर्ली त्याच्यापेक्षा दहाहून अधिक वर्षांनी लहान होती! 'हैदर'मधली तब्बूही शाहीदपेक्षा नऊ-दहा वर्षांनीच मोठी. नाटकातला मुलगा मात्र आईला ऐकवतो की तुझ्या वयात रक्त थंड झालेलं असतं. म्हणजे आईने प्रेम केलेलं चालणार असेल, तर ती आईच्या वयाची दिसता कामा नये.

आपल्याकडे आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 'हॅम्लेट' मराठीत आणायला घेतलं. 'विकारविलसित' ह्या नावाने ते १८८३ मध्ये छापून आलं. पुढे विधवांच्या लग्नासाठी शिव्याशाप झेलणारा माणूस, आणि हाताशी घेतलेलं नाटक हे! विधवेने पुन्हा लग्न केलं म्हणून मुलगा तिला फाडून खातो, तो सगळा प्रसंग त्याने कसा लिहिला असेल, असं मला राहून राहून वाटतं.

माझ्या घरात खून नाही, भूत नाही, पेल्यात बोर्नव्हिटा आहे. तरी मी आईला एकही प्रश्न न विचारता महिनाभर तोंड फुगवून बसले होते. शेवटी रविवारी विचारलं, "तुला एकटं वाटत होतं का गं?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "रात्री जेवताना वाटायचं. तू नऊ वाजता फोन करून 'जेवलीस का' विचारायचीस ना, तेव्हा मी ताट समोर घेऊन बसलेली असायचे. हो म्हणायचे." मग थांबून म्हणाली, "घाई होतेय का गं?"

"एकोणीस महिने झाले, आई."

"वीस," ती म्हणाली. "परवाच पूर्ण झाले."

नोटिशीचे तीस दिवस पुढच्या आठवड्यात संपतात. तीन साक्षीदार लागतात. त्यातली एक सही माझी.