एअर फ्रायर घरात आला, वेळ कुणाचा वाचला?

जळगाव-धुळ्याच्या दुकानांतून आता एअर फ्रायर सर्रास दिसतो. कुठे तो लग्नाच्या आहेरात येतो, कुठे दिवाळीच्या सवलतीत, तर कुठे पुण्यात नोकरी करणारा मुलगा आईसाठी पाठवतो. ‘तेलाशिवाय तळा’ असं जाहिरात सांगते. दोन महिन्यांत बऱ्याच घरी तो कपाटावर चढतो आणि ठपका बाईवर येतो, "हिला काही जमलंच नाही." म्हणून या यंत्राबद्दल दोन अंगांनी बोलायला हवं. ते नीट चालवायचं कसं, आणि चालवायचं कुणी?

पहिली गोष्ट, एअर फ्रायर तळत नाही. आत वरच्या बाजूला तापणारी तार असते, तिच्यावर पंखा. गरम वारा जाळीच्या टोपलीतून वेगाने फिरतो आणि पदार्थ भाजला जातो. फिलिप्स कंपनीने २०१० साली हे यंत्र बाजारात आणलं तेव्हा नाव ‘फ्रायर’ ठेवलं, पण ही आहे छोटी भट्टीच. एवढं कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

वाऱ्याला फिरायला जागा हवी, म्हणून टोपली गच्च भरू नये. एकच थर ठेवावा, अर्ध्या वेळेनंतर हलवावा किंवा उलटावा. आधी तीन-चार मिनिटं यंत्र रिकामं तापवावं. पदार्थ वरून कोरडा हवा. पाणी असेल तर आधी ते वाफ होण्यात उष्णता जाते आणि पदार्थ मऊ पडतो. तेल अजिबात नको हेही खरं नाही. चमचाभर तेल चोळलं तरच रंग आणि खुसखुशीतपणा येतो. बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून, पुसून, तेल चोळून १८० अंशावर अठरा-वीस मिनिटं ठेवाव्यात. सोनेरी झाल्या की काढाव्यात, काळपट होऊ देऊ नयेत.

आपल्या खान्देशी स्वयंपाकातलं काय जमतं? कोथिंबीर वडी, अळूवडी छान होते, कारण ती आधीच वाफवलेली असते. शेंगदाणे १६० अंशावर दहाएक मिनिटांत भाजले जातात. पापडाला तेलाचं बोट लावून मिनिट-दोन मिनिटं पुरतात, पण त्यावर स्टीलची जाळी ठेवावी, नाहीतर तो वाऱ्याने उडून तारेला चिकटतो. गिलक्याची भजी मात्र नेहमीच्या पातळ पिठात जमत नाहीत. पीठ जाळीतून गळतं. शेवभाजीची शेवही कढईतलीच बरी. फरसाण विकणाऱ्या बचत गटानं हे यंत्र घेण्याआधी दहा वेळा विचार करावा. टोपलीत एका वेळी मावतंच किती?

भरताचं वांगं जमतं. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते मोठं, हिरवट वांगं घ्यावं. टोचे मारावेत, नाहीतर ते फुटतं. तेल लावून २०० अंशावर अर्धा तास, मध्ये एकदा उलटून. गर शिजतो, सालही सुटते. येत नाही तो धुराचा वास, कारण आत धूरच नाही. एका वाटीत पेटता निखारा, त्यावर थेंबभर तेल, आणि पातेल्यावर झाकण, एवढं केलं तर थोडा वास येतो. पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याची सर त्याला नाही, हे मान्य करून टाकावं.

विजेचंही पाहावं. साधारण यंत्र १४०० वॅटचं असतं, म्हणजे अर्ध्या तासाला फार तर पाऊण युनिट. ते साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर लावू नये, फ्रिजसाठी असतो तसा मोठा पॉवर प्लग हवा. व्होल्टेज कमी असेल तर वेळ वाढवावा लागतो. टोपली तारेच्या घासणीने घासू नये.

आता दुसरं अंग. सात माणसांच्या घरात एका टोपलीचे तीन-चार घाणे होतात. मग ‘वेळ वाचवणाऱ्या’ यंत्राजवळ बाई तासभर उभी. त्यात सासऱ्यांना कमी तेलाचं, मुलांना कुरकुरीत, नवऱ्याला कढईतलंच, अशा तीन फर्माइशी. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवलं होतं : यंत्रं आली, अंगमेहनत हलकी झाली, पण अपेक्षा वाढल्या आणि गृहिणीचे तास काही कमी झाले नाहीत. आपल्याकडे गिरणीने जातं सोडवलं, मिक्सरने पाटा सोडवला. ते हवंच होतं. पण वाचलेला वेळ बाईच्या हाती आला का?

केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे बोलके आहेत. २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, ते करणारे पुरुष ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं! पाच वर्षांत एक मिनिट. आणि पुरुषांचे आकडे फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांचे. मुळात असे पुरुषच थोडे.

पुरुषांना जमत नाही म्हणावं, तर हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्ट्या आठवा. पऱ्हाटी पेटवायची, पन्नास वांगी भाजायची, सोलायची, बडगीत ठेचायची, हे सारं पुरुष मंडळी हौसेने करतात आणि आपल्या हाताची चव मिरवतात. जाळावर वांगं भाजता येणाऱ्याला घरी एक बटण दाबून, अर्ध्या वेळेला टोपली हलवणं अवघड का जावं? आग नाही, उकळतं तेल नाही, शाळेतला मुलगाही शिकेल.

म्हणून मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच. यंत्र घ्यायचं की नाही हे जिला स्वयंपाक करायचा तिने ठरवावं. चार-पाच हजार रुपये तिच्या नावावर बचतीत टाकावेत असं तिला वाटलं तर तेही ऐकलं जावं. घेतलंच, तर पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांना ते शिकवावं आणि आठवड्यातले दोन दिवस ते पुरुषांनी चालवावं, धुण्यापुसण्यासकट. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगावं की तिच्या घरी टोपली कोण घासतं.