करार मोडण्याचे मोल

रायगडच्या किनाऱ्याला परदेशस्थ मालकांची घरे नवीन नाहीत. १९४८ नंतर अलिबाग, नवगाव, रेवदंडा या भागांतील अनेक बेने इस्रायली कुटुंबे इस्रायलला गेली. पुढे मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या तरुणांनी आखाताची वाट धरली. आता अमेरिकेत स्थिरावलेल्यांचीही भर पडली आहे. मागे राहिलेले घर बंद ठेवावे, तर खारा वारा, वाळवी आणि चार महिन्यांचा पाऊस त्याचा ताबा घेतात. म्हणून ते एखाद्या शिक्षकाला, बँकेतील नोकराला वा खानावळ चालविणाऱ्याला तीन किंवा पाच वर्षांसाठी दिले जाते. यात उभयतांचे हितच आहे.

प्रश्न उद्भवतो तो मालकाचे मन मध्येच बदलल्यावर. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि किनाऱ्यावरील जमिनीकडे मुंबईकरांची दृष्टी अधिकच वळली. चांगले गिऱ्हाईक आले, की दुबईहून वा न्यू जर्सीहून दूरध्वनी येतो : ‘महिनाअखेर घर रिकामे करा.’ पाठोपाठ गावातला कोणी चुलतभाऊ दारात उभा राहतो.

लीव्ह अँड लायसन्स म्हणजे आपली मर्जी, असा मालकवर्गाचा दृढ समज दिसतो. तो अर्धाच खरा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे असा परवाना सामान्यतः मागे घेता येतो हे खरे. परंतु परवान्याच्या आधारावर खर्च करून कोणी कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर तो मागे घेता येत नाही. शिवाय त्याच कायद्याचे ६४ वे कलम सांगते, की मोबदला घेऊन दिलेल्या परवान्याची मुदत संपण्याआधी, समोरच्याचा काही दोष नसता त्याला बाहेर काढले, तर त्याला भरपाई मागण्याचा हक्क आहे. हे कलम दूरध्वनीवरून कोणी वाचून दाखवीत नाही!

ज्यांनी करार नोंदविलाच नाही, त्यांची अवस्था याहून बिकट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमाने करार लेखी व नोंदणीकृत असावा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, असे ठरविले आहे. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचा थोडासा खर्च वाचविणाऱ्या मालकाने स्वतःच आपल्या विरुद्धचा पुरावा तयार केलेला असतो. परदेशातून येणे जमत नाही ही सबब आम्हांस पटत नाही. कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठविता येते. ते येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरले, की काम भागते.

भाडेकरूच परदेशी निघाला, तरी न्याय तोच. मुदतीआधी जाणाऱ्याची सारी अनामत गिळंकृत करण्यास मालक मोकळा नाही. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. घराला दुसऱ्याच महिन्यात नवे बिऱ्हाड मिळाले असेल, तर वर्षभराचे भाडे कापून घेणे याला आम्ही लूट म्हणू.

अडचण कोणावरही येऊ शकते. नोकरी जाते, आजारपण येते, घर विकावे लागते. अशा माणसाला करारात जन्मभर जखडून ठेवावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याची अडचण त्याने स्वतःच्या पैशाने सोडवावी, अलिबागेत शाळा शिकविणाऱ्याच्या बिऱ्हाडावर ती ढकलू नये. तेव्हा सुटकेचे कलम सही करतानाच लिहिले जावे : तीन महिन्यांची लेखी सूचना, ती उभयपक्षी सारखी, आधी निघणाऱ्याने द्यावयाची रक्कम आकड्यात, अनामत कोणत्या दिवशी परत करावयाची ती तारीख, आणि मालकाच्या वतीने किल्ली घेणाऱ्याचे नाव. आणखी एक सूचना आम्ही आग्रहाने करू. या किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत सामानाचा टेम्पो भिजल्यावाचून गावाबाहेर पडत नाही, आणि मुलांच्या शाळा त्याच जूनमध्ये उघडतात. मुदत संपावयाची ती एप्रिलअखेर संपावी.